'द' गळला म्हणून सिंग्लिश होत नाही

'लॉरेन्स वाँग बिकेम प्राइम मिनिस्टर इन 2024.' सिंगापुरात शिकणाऱ्या मुलाने निबंधात असे लिहिले, की आपल्याकडचे पालक लगेच 'प्राइम मिनिस्टर'च्या आधी 'द' घालतात आणि वर बजावतात, "हे सिंग्लिश घरी चालणार नाही." किती वेळा ऐकायचे हे?

वाक्य शुद्ध आहे. 'द' घातला तरी चालेल, पण नसला तर चूक नाही. एका वेळी एकाच व्यक्तीकडे असणारे पद 'बिकेम', 'इलेक्टेड', 'अपॉइंटेड' किंवा 'ॲज' यांच्यानंतर आले, की इंग्रजी आर्टिकल गाळू देते. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणात हे नोंदलेले आहे. तरी शंका असेल, तर सिंगापूरच्या राज्यघटनेचे कलम 25 वाचा. राष्ट्राध्यक्षांनी 'ॲज प्राइम मिनिस्टर' कोणाला नेमायचे? तर 'अ मेंबर ऑफ पार्लमेंट' असलेल्या व्यक्तीला. पंतप्रधान एकच, म्हणून तिथे आर्टिकल नाही. खासदार अनेक, म्हणून तिथे 'अ' आहे. एकाच वाक्यात दोन्ही नियम! अमेरिकी अध्यक्षाच्या शपथेतही 'ऑफिस ऑफ प्रेसिडेंट' असेच शब्द आहेत. तेही सिंग्लिश म्हणायचे का?

भीती कुठून आली, ते कळते. मलय आणि चिनी भाषांत आर्टिकल नाही, म्हणून सिंग्लिशमध्ये ते सर्रास गळते. 2000 साली सरकारने 'स्पीक गुड इंग्लिश' मोहीम काढली, तेव्हापासून पालक जास्तच सावध झाले. पण आर्टिकल मराठीतही नाही. त्यामुळे मुलाच्या वहीत गरज नसताना 'द' घालणारेच स्वतः 'माय हजबंड इज इंजिनिअर' म्हणून जातात. खरी चूक ही आहे. इंजिनिअर लाखो आहेत, तिथे 'ॲन' हवाच.

'पद मोठे असले की आर्टिकल नको' हेही खोटे. ली क्वान यू 'द फर्स्ट प्राइम मिनिस्टर' होते. 'फर्स्ट' आला की सहसा 'द' लागतो. पद नावाला जोडून आले, जसे 'प्रेसिडेंट थर्मन', तर काही लागत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत आर्टिकल गळते ते जागेपायी. निबंधात त्यांचे अनुकरण नको.

पालकहो, वहीवर लाल पेन चालवण्याआधी एवढेच विचारा: हे पद एकाचे, की अनेकांचे?