दहा मीटरवरचा कागद आणि चाळीस मिलिमीटरची काच

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याजवळ मामाच्या वावरात आम्ही छर्ऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण चढवली. धुऱ्याच्या मातीला टेकवून पुठ्ठा उभा केला आणि त्यावर कागदी निशाण चिकटवलं. सुरुवातीचे छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसले. मग एकेक छर्रा डावीकडे सरकू लागला. वारा नव्हता, हातही तोच होता. तिसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पाहिलं, तर आतली फुलीच तिरकी झालेली! नऊ पट मोठं दाखवणारी ती महागडी दुर्बीण मोठ्या बंदुकीसाठी बनलेली होती. छर्ऱ्याच्या बंदुकीचा धक्का तिला सोसला नाही.

खेळण्यातली वाटणारी ही बंदूक दुर्बीण कशी मोडते? नळी मोडून आपण स्प्रिंग दाबतो. घोडा ओढला की स्प्रिंग जड पिस्टनला पुढे फेकते आणि बंदूक मागे सरकते. पिस्टन टोकाला दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो, तेव्हा बंदूक झटक्यात पुढे जाते. हे दोन्ही धक्के एका क्षणाच्या आत बसतात. दारूच्या बंदुकीचा धक्का फक्त मागे असतो. तिच्या दुर्बिणीतली भिंगं आणि फुली त्याच बाजूने घट्ट बसवलेली असतात, म्हणून उलटा धक्का त्यांना खिळखिळं करतो. त्यामुळे खरेदी करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ‘स्प्रिंगच्या एअरगनला चालते का?’ दुर्बीण बंदुकीला धरून ठेवणारा क्लॅम्प सरकू नये म्हणून त्याला अडवणारी खिळी आहे का, हेही पाहावं. आधीच हवा भरून ठेवायच्या पीसीपी बंदुकीत जड पिस्टन आपटत नाही, त्यामुळे तिथे ही काळजी कमी.

दुसरा प्रश्न अंतराचा. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत उभे राहा. जवळचं झाड दूरच्या झाडाच्या बरोबर पुढे दिसतं. एक पाऊल बाजूला झालात, की दोन्ही वेगळी होतात. दुर्बिणीतही असंच घडतं. फुली एका पातळीवर आणि निशाणाची प्रतिमा दुसऱ्या पातळीवर असेल, तर डोळा हलताच फुली निशाणावरून सरकते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

मोठ्या बंदुकीची दुर्बीण बहुधा 100 यार्डांवर, म्हणजे सुमारे 91 मीटरवर जुळवलेली असते. पुढची काच 40 मिलिमीटरची असेल आणि निशाण 10 मीटरवर, तर डोळा पार कडेला गेल्यावर नेम जवळजवळ 18 मिलिमीटरने चुकू शकतो. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा! म्हणून 10 मीटरपर्यंत जुळवता येणारी, पुढच्या काचेवर किंवा बाजूला अंतराची चकती असलेली दुर्बीण घ्यावी. याची चाचणी सोपी आहे. रिकामी बंदूक वाळूच्या पिशवीवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवा. फुली जागची हलली नाही, तर दुर्बीण त्या अंतराला बरोबर जुळली आहे.

आता किती पट मोठं दाखवणारी? 4×32 या आकड्यांचा अर्थ चार पट मोठं दिसणं आणि 32 मिलिमीटरची पुढची काच. भागाकार केला की 8 येतात. डोळ्यापर्यंत पोचणारा उजेडाचा झोत 8 मिलिमीटर रुंद असतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, म्हणजे डोळा ठेवायला भरपूर जागा मिळते. तीच काच 16 पटीच्या दुर्बिणीला असेल तर झोत 2 मिलिमीटरचा उरतो आणि डोळा जरा हलला की अंधार. शिवाय हाताचा कंपही 16 पट दिसतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा लांबच्या निशाणावर तापल्या जमिनीच्या झळाही तितक्याच मोठ्या नाचतात. शिकणाऱ्याला चार पट पुरते.

दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते. छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने निघाला तरी 10 मीटरवर पोचेपर्यंत सुमारे 12 मिलिमीटर खाली येतो. त्यामुळे 10 मीटरला जुळवलेल्या बंदुकीचा छर्रा 5 मीटरवर सुमारे दोन सेंटिमीटर खाली लागतो. यात दोष बंदुकीचा नाही, म्हणून एकच अंतर ठरवून सराव करा.

स्पर्धेची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांच्या आईबाबांना मात्र कळकळीने सांगायचंय, दुर्बीण घेऊच नका. 10 मीटर एअर रायफल स्पर्धेत ती चालत नाही. तिथे मागे बारीक भोकाची चकती आणि पुढे गोल माशी असते. त्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं ते अशाच साधनाने. कंपाउंड धनुर्विद्येत मात्र भिंगाला परवानगी आहे. आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. अमरावतीत तर 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. शरीर आधी घडवायचं, साधन नंतर, ही शिकवण इथल्या मातीतच आहे.

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटर आणि 20 जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. पण म्हणून ती खेळणं ठरत नाही. छर्रा डोळा फोडू शकतो. पोपटावर तो झाडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. निशाण कागदाचंच असावं आणि त्यामागे मातीचा धुरा असावा.

आता आमच्या बंदुकीवर चार पटीची साधी दुर्बीण आहे. चकतीवरचा दहाचा आकडा खुणेला लावला, डोळा हलवला, फुली जागेवर राहिली. पुढचे सगळे छर्रे पुन्हा नाण्याएवढ्या जागेत बसले.