दोष पंपाचा की तारेचा?

वसई-विरारमधील काही घरांच्या आवारात आजही कापडी आच्छादनाखाली एखादी जुनी स्पोर्ट्‌स कार जपलेली असते. तिच्यावरील खर्च व्यवहारात बसत नाही, तरी ती विकण्यास मन धजत नाही. अशी गाडी महामार्गावर, मागून अवजड वाहने येत असताना अचानक बंद पडली, तर प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. गाडीतील माणसांच्या सुरक्षिततेचा होतो. गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकू येते : ‘पंप गेला.’ नवा पंप बसतो, आठ दिवस गाडी धावते आणि पुन्हा थांबते.

जुन्या पद्मिनीला ही व्याधी ठाऊक नव्हती. तिचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच गतीवर चालणारा, यांत्रिक होता. इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत मात्र पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकीतच बुडवलेला असतो. १९९८च्या सुमारास आलेली सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी भारतीय स्पोर्ट्‌स कार घ्या. तिचे इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे. बाह्यांग मात्र फायबरचे. पत्र्याच्या गाडीत वीज बॅटरीकडे परतताना पत्र्याचाच आधार घेते. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून परतीची, म्हणजे अर्थिंगची, तार चासीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते. ती सैल झाली की नवाकोरा पंपही मुका होतो.

त्यात वसईची खारी हवा आणि पावसाळा. जुलै २०१८च्या पुरात येथील वस्त्या किती काळ पाण्यात होत्या, हे रहिवासी विसरलेले नाहीत. ओल लागलेल्या जोडावर तांब्याला हिरवट पुटे चढतात आणि विजेची वाट अरुंद होते. पंप साधारण ५ अँपिअर प्रवाह घेत असेल आणि जोडात अवघा १ ओहम रोध असेल, तर तिथेच ५ व्होल्ट गळतात. बारा व्होल्टच्या पंपाला सातच पोचतात. शिवाय त्या जोडावर २५ वॉट उष्णता निर्माण होऊन प्लग वितळू लागतो.

तपासणीचा क्रम रोजमेळ जुळवण्यासारखा आहे. जिथून रक्कम निघाली तिथून आरंभ करून प्रत्येक नोंद पाहत जावे. किल्ली फिरवताच टाकीकडून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू आली, तर पंपापर्यंत वीज पोचते आहे. आवाज नसेल तर आधी फ्यूज पाहावा. मग तशाच दुसऱ्या रिलेची अदलाबदल करून पाहावी. त्यानंतर मीटर लावावा. मात्र पंप चालू असतानाच. पंपाचा प्लग काढून घेतलेले माप फसवे असते, कारण तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. पंप चालू ठेवून बॅटरीचे धन टोक आणि पंपाचे धन टोक यांमधील फरक मोजावा; मग ऋण बाजूचाही तसाच मोजावा. कोणत्याही बाजूस अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास दोष तारेत, जोडात किंवा रिलेत शोधावा. दोन्ही बाजू चोख असूनही पंप फिरत नसेल, तरच पंपाला दोषी ठरवावे.

दोन पथ्ये कसोशीने पाळावीत. फ्यूज वारंवार जातो म्हणून अधिक अँपिअरचा बसवू नये; मग फ्यूजऐवजी तार जळते. टाकी किंवा पेट्रोलची नळी उघडण्यापूर्वी नळीतील दाब उतरवून बॅटरी सोडवावी. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. मालकाने मापे मागावीत. टाकी अगदी तळाला जाईपर्यंत गाडी चालवण्याची सवयही सोडावी, कारण बुडालेल्या पंपाला भोवतालचे पेट्रोलच थंड ठेवते.

खतावणीत तूट दिसली म्हणून कोणी मुनीम बदलत नाही. आधी नोंदी तपासतो. गाडीच्या बाबतीतही बिलावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : पंप बदलण्याआधी दोन्ही बाजूंचे व्होल्ट किती भरले? या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळाले, तर खर्च योग्य ठिकाणी होतो आणि गाडी घरच्यांना सुखरूप घरी आणते.