घरच्या चित्रफिती आणि डीव्हीडीची तबकडी

ज्या घरांत 1990 च्या सुमारास लग्नकार्ये झाली, त्यांपैकी पुष्कळ घरांच्या कपाटांत व्हीएचएसच्या कॅसेटी अद्याप पडून आहेत. आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे चालणे-बोलणे त्यांत आहे. फितीवरील चुंबकीय लेप काळानुसार क्षीण होतो, आणि ती लावावयाचे यंत्रही दुर्मिळ झाले आहे. म्हणून कित्येक मंडळी ही चित्रे संगणकावर उतरवून त्यांची डीव्हीडी करतात. मग तक्रार येते ती अशी की, तबकडी संगणकात चालते, परंतु टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये चालत नाही.

या तक्रारीचे मूळ बहुधा तबकडीत नसते. चित्राची फाइल आहे तशीच तबकडीवर नकलून ठेवली, तर ती तबकडी नुसती सामानाची पेटी होते. काही प्लेअर साध्या फाइलीही वाचतात. पण साध्या प्लेअरला ठरावीक मांडणीच हवी असते. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात एमपेग-2 पद्धतीने बांधलेले चित्र, अशी ती मांडणी होय. हे काम डीव्हीडी ‘ऑथरिंग’ करणारा प्रोग्राम करतो. तेव्हा तबकडीला दोष देण्यापूर्वी ती संगणकात उघडून हा फोल्डर आहे की नाही ते पाहावे.

ज्यांनी कॅसेटीवरून थेट डीव्हीडी रेकॉर्डरवर नक्कल केली, त्यांची अडचण निराळी. तबकडी ‘फायनलाइज’ करावयाची राहून गेलेली असते. पुस्तक छापून झाले, परंतु अनुक्रमणिका बांधलीच नाही, असा हा प्रकार. अशी तबकडी फेकू नये. ज्या रेकॉर्डरवर ती केली, त्यातच पुन्हा घालून फायनलाइज केली म्हणजे बहुधा चालू लागते.

कधी चित्र आरंभी स्वच्छ दिसते आणि शेवटी शेवटी चौकडे पडून थबकते. तबकडीवरील लेखन मध्यापासून कडेकडे जाते आणि कडेला दोष अधिक संभवतात. 16 पट वेगाची म्हणून विकलेली तबकडी 16 पट वेगानेच लिहावी असे बंधन नाही. 4 किंवा 8 पट वेग निवडावा. 4 पट वेगाने पूर्ण तबकडी सुमारे 15 मिनिटांत भरते. लग्नाच्या चित्रासाठी एवढा वेळ मुळीच जास्त नव्हे! त्या अवधीत संगणकावर दुसरे जड काम काढू नये.

वेष्टनावर 4.7 जीबी छापलेले असते, परंतु संगणक 4.37 च्या आसपास दाखवितो. यात फसवणूक नाही. कारखानदार हजारांनी मोजतो आणि संगणक 1024 नी, इतकेच. एवढ्या जागेत दोन तासांचे चित्र बरे बसते. 180 मिनिटांची कॅसेट एकाच तबकडीत कोंबली, तर चेहरे पुसट होतात. दोन तबकड्या कराव्यात, हे उत्तम.

अमेरिकेतील नातलगांना तबकडी पाठवावयाची असल्यास एक भेद ध्यानात घ्यावा. आपली पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला 25 चित्रे. तेथील एनटीएससी, सुमारे 30. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवितात, तिकडचे पुष्कळसे चालवीत नाहीत. त्यांना फाइलच पाठविणे सोयीचे.

लिहून झाल्यावर प्रोग्राममधील ‘व्हेरिफाय’ अवश्य करावे, आणि तबकडी प्लेअरमध्ये घालून आरंभ, मध्य व अखेर या तिन्ही ठिकाणी पाहावी. तसे झाल्यावाचून कॅसेट पुसू नये, कोणास देऊ नये. मूळ फाइल दोन हार्डडिस्कवर, शक्य तर दोन घरांत ठेवावी, कारण अलीकडील बहुतेक लॅपटॉपना तबकडीचा खण नसतो; बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो. तबकडीवर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने तोल जातो. तिच्यातील रंगाचा थर उन्हाने बिघडतो, यास्तव ती खिडकीपासून दूर, डबीत उभी ठेवावी. धूळ बसलीच तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे.