खडक तयार होता, सरकारे नव्हती

इंग्लंडमधील फोकस्टन आणि फ्रान्समधील कॅले यांच्यामधल्या खाडीखालून जाणारा रेल्वे बोगदा ६ मे १९९४ रोजी सुरू झाला. एकूण लांबी सुमारे ५० किलोमीटर, त्यातले जवळपास ३८ समुद्राखाली. हा यंत्रांचा पराक्रम, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे. समुद्रतळाखाली चिकणमाती मिसळलेल्या खडूचा थर आहे. तो खणायला मऊ आहे आणि त्यातून पाणी फारसे झिरपत नाही. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्राने १८८२ पर्यंत दोन्ही किनाऱ्यांवरून मिळून जवळपास साडेतीन किलोमीटर खोदाई झालीही होती. ती थांबली खडकामुळे नव्हे. फ्रेंच सैन्य या वाटेने घुसेल, अशी भीती ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना वाटली. वाफेच्या इंजिनांचा धूर एवढ्या लांब बोगद्यातून काढता आला असता का, ही शंका रास्तच आहे. पण काम बंद पाडणाऱ्यांच्या मनात धूर नव्हता, आक्रमण होते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. १९७५ मध्ये ब्रिटनने पुन्हा सुरू झालेले काम खर्चाचे कारण देऊन सोडले. १९८६ च्या करारानंतर सरकारी पैसा न घालता बोगदा बांधायचे ठरले. खर्च अंदाजापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी वाढला, प्रवासी अपेक्षेपेक्षा फारच कमी आले आणि बोगदा चालवणारी खाजगी कंपनी कर्जाखाली दबली. छोट्या भागधारकांचे नुकसान कुणी क्षुल्लक मानू नये. बांधकामात दहा कामगारांचा जीव गेला, ती किंमत तर कुठल्याच हिशेबात भरून येत नाही. मात्र शंभर वर्षे टिकणाऱ्या कामाचा भार खाजगी कर्जावर टाकणे ही वित्तव्यवस्थेची चूक होती, बोगद्याची नव्हे. दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध तिसरा, सेवेचा बोगदा ठेवण्याचा खर्च व्यर्थ वाटला असेल. पण १९९६ मध्ये बोगद्यात लागलेल्या आगीत अडकलेले सगळे त्यातूनच जिवंत बाहेर पडले.

एकेकाळी आक्रमणाच्या भीतीने अडलेला हा मार्ग आज दोन सरकारांच्या परस्पर विश्वासावर चालतो. लंडनच्या स्थानकात फ्रेंच अधिकारी पासपोर्ट तपासतात, पॅरिसच्या स्थानकात ब्रिटिश. २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ही व्यवस्था मोडलेली नाही.