अधिवेशनाचे पाहुणे आणि रत्नागिरीची बाजारपेठ

रत्नागिरीत परिषदा आणि अधिवेशने भरणे ही काही नवी गोष्ट नाही. १९९० मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते. त्या वेळी कोकण रेल्वे नव्हती. १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाली आणि मुंबई व गोवा या दोन्ही बाजूंनी येणे सोपे झाले. पाहुणे येतात ही आनंदाची बाब; पण त्यांच्या येण्याने आपल्या बाजारपेठेला काय मिळते, याचा विचार व्यापारी बांधवांनी केला पाहिजे.

अधिवेशनाचा पाहुणा सहलीला आलेल्या पाहुण्यापेक्षा वेगळा असतो. त्याचा दिवस सभागृहात जातो. हाती उरते ती एक संध्याकाळ, फार तर परतीच्या गाडीपूर्वीचे तीन-चार तास. एवढ्या वेळात काय पाहावे हे सांगणारा कोणी भेटला नाही, तर तो खोलीवर पडून राहतो किंवा थेट गणपतीपुळ्याची वाट धरतो. शहरातल्या दुकानात मग त्याचा रुपयाही पडत नाही. सांगणारा माणूस म्हणजे आपला रिक्षावाला, खानावळवाला आणि दुकानदार. म्हणून ही माहिती तोंडपाठ हवी.

थिबा राजवाडा शहरातच आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. १९१० च्या सुमारास हा वाडा त्याच्यासाठी उभा राहिला आणि १९१६ मध्ये त्याचे इथेच निधन झाले. त्याआधी इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडले होते. तिथला राजा इथे आणि इथला बादशहा तिथे, ही हकीकत ऐकून कोणताही पाहुणा थबकतो. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी इथे आले होते.

जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि सूर्यास्त दिसतो. तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग आणि त्याचे दीपगृह, मांडवीचा किनारा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान हे सारे रिक्षाच्या टप्प्यात आहे. मिरकरवाडा बंदरात बोटी लागल्या की मासळीचा लिलाव पाहण्यासारखा असतो. थोडा अधिक वेळ असेल तर हातिसचा पीर बाबरशेख यांचा दर्गा आहे. तिथल्या उरुसात हिंदू-मुसलमान दोघेही असतात.

आता धंद्याचे. अधिवेशनाला सोयीचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा ऊन असते, पण ते सोसवते. मात्र हापूसचा खरा हंगाम एप्रिल-मे. याचा अर्थ, पाहुणा येतो तेव्हा पेटी नसते. ज्याचे दुकान केवळ आंब्यावर आहे तो या गिऱ्हाइकाला मुकतो. आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, आमसूल, कोकम आगळ हा माल मात्र बारमाही आहे. पाहुण्याला रेल्वेने जायचे असते. त्याला पाव किलोची, न गळणारी, न फुटणारी पाकिटे हवीत. पाकिटावर वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांक असावा. बिल मागायची वेळ त्याच्यावर आणू नये. खानावळवाल्यांनी तांदळाची भाकरी, ताजी मासळी आणि आपल्या घरातले सांदण मानाने वाढावे. हे त्याला शहरात मिळत नाही.

सर्वांत मोठे भांडवल मात्र नावाचे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या ५ जिल्ह्यांतील आंब्याला 'हापूस' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. परप्रांतीचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकणारा एका गिऱ्हाइकाला नव्हे, साऱ्या गावाला फसवतो. अधिवेशनाचा पाहुणा आपल्या गावी जाऊन दहा जणांना सांगतो. खरा माल मिळाला तर हिवाळ्यात आलेला पाहुणा उन्हाळ्यात पेटीची मागणी कळवतो. त्यासाठी पाकिटावर दुकानाचा पत्ता आणि फोन ठळक छापा. तेवढा खर्च जाहिरातीपेक्षा स्वस्त पडतो.