चाळीस वर्षं जुन्या सिंथेसायझरचं वेड अजून का ओसरत नाही?

कोल्हापुरातली कुठलीही वरात घ्या. बँडवाल्यानं बीनची धून धरली की दोन पोरं पुढं येतात. एक जण रुमालाची पुंगी करून तोंडात धरतो, दुसरा भर रस्त्यात लोळायला लागतो आणि नागीण डान्स सुरू होतो.

ही धून आली १९५४ च्या 'नागिन' या हिंदी सिनेमातून. संगीतकार होते हेमंतकुमार. पण गंमत अशी आहे की सिनेमातली ती बीन गारुड्याची पुंगी नव्हतीच. क्लॅव्हियोलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर ती वाजवली होती कल्याणजींनी. हेच पुढं कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी. त्यांच्या सोबतीला हार्मोनियमवर होते रवी, तेही नंतर मोठे संगीतकार झाले.

म्हणजे सत्तर वर्षं आपण एका इलेक्ट्रॉनिक वाद्यावर नाचतोय आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

क्लॅव्हियोलिन म्हणजे सिंथेसायझरचा आजा म्हणा. त्याच्यानंतर आलेले १९७० आणि ८० च्या दशकातले सिंथेसायझर आज जगभर शोधून शोधून विकत घेतले जातात आणि त्यातल्या काहींची किंमत लाखांत जाते. हातातल्या मोबाईलमध्ये हजारो आवाज मिळत असताना लोक या जुन्या डब्यांसाठी एवढे पैसे का मोजतात?

आधी सिंथेसायझर म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला सरसकट 'कॅसिओ' म्हणायची पद्धत आहे. पण साध्या कीबोर्डमध्ये आवाज आधीच भरलेले असतात. बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. सिंथेसायझरमध्ये आवाज आपल्याला घडवावा लागतो.

त्यात मुख्य तीन भाग असतात. पहिला ऑसिलेटर, तो विजेची कंपनं तयार करतो. हा झाला कच्चा आवाज, मधमाशी घोंघावल्यासारखा. दुसरा फिल्टर, तो या आवाजातला टोकदार भाग गाळून टाकतो. गाळणी किती बारीक ठेवायची हे एक नॉब फिरवून ठरवता येतं. तिसरा भाग ठरवतो की आवाज एकदम उसळेल की हळूहळू वर येईल, आणि किती वेळात विरेल.

अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात बनवलेला सिंथेसायझर एखाद्या कपाटाएवढा होता. १९७० मध्ये त्यांच्या कंपनीनं 'मिनीमूग' आणला आणि हे वाद्य उचलून नेण्याजोगं झालं. मुंबईच्या हिंदी सिनेमात मूगचा आवाज रुजवण्याचं श्रेय केर्सी लॉर्ड या पारशी वादकाला दिलं जातं.

मग जुन्यात असं काय आहे?

जुने सिंथेसायझर ॲनालॉग होते. म्हणजे आत कुठलाही आकड्यांचा हिशेब नाही, थेट विजेचा दाब कमी-जास्त करून सूर काढायचा. पण विजेचे हे सुटे भाग गरम झाले की थोडे वेगळे वागतात. त्यामुळं मिनीमूग चालू करून आधी तापू द्यावा लागायचा, नाहीतर सूर सरकायचा.

दुसरं उदाहरण जपानच्या रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८ चं. १९८१ मध्ये आलेल्या या सिंथवर एका वेळी आठ सूर वाजतात आणि प्रत्येक सुरामागं दोन ऑसिलेटर असतात. एकूण सोळा. हे सोळाच्या सोळा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. केसभर फरक राहतोच. त्या फरकामुळं आवाज किंचित हलता राहतो आणि कानाला भरदार, उबदार वाटतो.

यंत्र म्हणून बघितलं तर ही खोटच, पण लोकांना तीच आवडली.

रोलँडचंच टीआर-८०८ हे ड्रम मशीन तर यावर कडी करतं. कंपनीनं त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. त्यांच्यामुळं एक वेगळीच सळसळ यायची. पुढं असे खराब ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि १९८३ मध्ये ८०८ बंद पडलं. जवळपास बारा हजारच नग बनले होते. आज हिप-हॉपमध्ये छातीत घुमणारा जो बेस ऐकू येतो, त्याला अजूनही '८०८' याच नावानं ओळखतात.

मिरजेच्या जवारीशी याचं नातं काय?

हे सगळं परक्या देशातलं वाटत असेल तर कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत जाऊन बघा. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तानपुऱ्याची खरी कमाल असते जवारीत. तार घोडीवर नुसती टेकत नाही, घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागाला घासत थरथरते. त्यातून मूळ सुरासोबत वरचे बारीक बारीक सूर उमटतात आणि तो झणझणीत, भरलेला नाद तयार होतो. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून कारागीर तो नाद हवा तसा खुलवतात.

म्हणजे सिंथेसायझरचा फिल्टर जे काम करतो, त्याच जातीचं काम मिरजेत एक दोरा करतो. वरचे सूर किती उघडायचे, किती झाकायचे, हे दोन्हीकडं हातानंच ठरतं.

तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांना 'जोड' म्हणतात. दोन्ही एकाच षड्जात लावतात. तरी त्या अगदी एकसारख्या कधीच होत नाहीत, म्हणून तर तानपुरा जिवंत वाटतो. ज्युपिटर-८ चे सोळा ऑसिलेटर हीच करामत विजेवर करतात. स्थिर सुरापेक्षा किंचित हलता सूर आपल्या कानाला पिढ्यान् पिढ्या आवडत आलाय.

किल्ल्यांवर मींड निघते का?

कीबोर्डवर आपल्या संगीताचा एक जुना आक्षेप आहे. दोन सुरांमधली घसरण, म्हणजे मींड, त्यावर निघत नाही. याच कारणावरून हार्मोनियमवर टीका व्हायची. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं तिला दूर ठेवलं होतं.

सिंथेसायझरनं हा प्रश्न सोडवला. मिनीमूगला डावीकडं एक चाक होतं, ते फिरवलं की सूर वर-खाली सरकायचा. रोलँडच्या टीबी-३०३ मध्ये तर 'स्लाइड' नावाची सोयच होती. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायची.

आता हे टीबी-३०३ मुळात बनवलं होतं ते एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्यांसाठी. सोबत बेस गिटार वाजल्यासारखं वाटावं, एवढीच अपेक्षा. पण तो आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. मशीन खपलं नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं.

मात्र त्याआधीच मुंबईतल्या एका वादकाला त्यात मींड दिसली होती.

चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड

चरणजीत सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडं वाजवायचे, लग्न-समारंभातही त्यांचा ऑर्केस्ट्रा असायचा. त्यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रं एकमेकांना जोडली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीवर एक रेकॉर्ड काढली. नाव होतं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, खाली ८०८ चा ठेका आणि ३०३ ची घसरती सुरावट.

त्या काळात ही रेकॉर्ड चालली नाही. शास्त्रीयवाल्यांना ती डिस्को वाटली असणार आणि डिस्कोवाल्यांना शास्त्रीय. विषय तिथंच संपला.

इकडं १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथ आला. त्याचा सूर सरकत नव्हता, आवाज सेव्ह करून ठेवता यायचे. सगळे तिकडं वळले आणि जुने ॲनालॉग सिंथ जुन्या बाजारात स्वस्तात पडून राहिले. शिकागोतल्या पोरांना असंच एक सेकंडहँड ३०३ मिळालं. त्यांनी सूर वाजत असतानाच नॉब पिळायला सुरुवात केली. १९८७ मध्ये फ्यूचर या ग्रुपचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं आणि 'ॲसिड हाउस' हा नवा प्रकार जन्माला आला.

एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत चरणजीत यांची जुनी रेकॉर्ड सापडली. ऐकून ते चक्रावले, कारण शिकागोचा तो आवाज इथं पाच वर्षं आधीच वाजला होता. पुढं २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली. सत्तरीच्या घरातले चरणजीत युरोपात जाऊन हेच राग तरुण पोरांसमोर वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

सोशल मीडियावर कधीकधी 'ॲसिड हाउसचा शोध भारतात लागला' अशी पोस्ट फिरते. ती जरा ताणलेली आहे. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. दोन शहरांत दोन वेगळ्या माणसांनी एकाच यंत्रात लपलेला आवाज आपापल्या वाटेनं शोधला, एवढंच खरं आहे. पण मुंबईनं तो आधी शोधला, हे मात्र कुणी नाकारत नाही.

मग जुनाच सिंथ घ्यायचा का?

खरं सांगायचं तर गरज नाही. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारा सापडणं त्याहून अवघड. रोलँडनं २०१६ मध्ये ३०३ ची छोटी नवी आवृत्ती काढली, इतर कंपन्यांच्या स्वस्त नकलाही मिळतात. 'व्हीसीव्ही रॅक' हे सॉफ्टवेअर संगणकावर फुकट चालतं. नुसती चव घ्यायची असेल तर मूग यांच्या जन्मदिनी, २३ मे २०१२ ला गुगलनं केलेलं डूडल शोधा. तो वाजवता येणारा सिंथेसायझरच आहे.

आणि माळ्यावर जुना कीबोर्ड पडला असेल तर त्याचे लाखो रुपये येतील अशा भ्रमात राहू नका. घरातले बहुतेक कीबोर्ड साधे डिजिटल असतात. पण तो लगेच भंगारातही घालू नका. आधी बॅटरीचे सेल काढा, सेल गळले की आतली पट्टी खराब होते. मग कुणी जाणकाराला दाखवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कीबोर्ड ज्यांनी ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत किंवा बँडमध्ये वाजवला, त्या काकांना, मामांना विचारा की कुठलं गाणं कसं वाजवायचे, कुठला आवाज कसा काढायचे. आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. यंत्राची नक्कल कंपनी काढू शकते. चरणजीत यांना शोधायला बाहेरचा माणूस यावा लागला, तोही वीस वर्षांनी. आपल्या गावातल्या वादकांसाठी तसा कुणी येईलच असं नाही.