सुईला मिळालेली सनद (लेखांक सातवा)

कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या, जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या पट्टकृमीची अंडी मेंढीच्या, आणि क्वचित माणसाच्याही पोटी कशी जातात, आणि बहुधा यकृतात मुक्काम ठोकून तेथे वर्षानुवर्षे पाण्याने भरलेली हायडॅटिड पुटी कशी वाढवितात, हे मागील लेखांकी सांगितले. आता तिच्या इलाजाकडे वळू.

या पुटीतील द्रव दिसावयास झऱ्याच्या पाण्यासारखा नितळ असला, तरी तो दाबाखाली कोंडलेला असून त्यात असंख्य सजीव कृमिशीर्षे तरंगत असतात. तो उदरपोकळीत सांडला, तर ज्या ज्या ठिकाणी ही शीर्षे रुजतील तेथे नवी पुटी उद्भवण्याचा, आणि शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेने रक्तदाब घसरून रोगी तत्काळ दगावण्याचाही संभव असतो. म्हणूनच अशा पुटीत सुई खुपसण्यास वैद्यकशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या सक्त मनाई होती आणि पोट उघडून पुटी काढणे हाच राजमार्ग मानला जाई. ही मनाई निर्बुद्ध नव्हती. परंतु निदान चुकल्यामुळे अजाणता सुई टोचली गेलेले काही रोगी सुखरूप राहिल्याचे दाखले जमू लागले, तेव्हा हा धोका अटळ आहे की आटोक्यात ठेवता येण्याजोगा, असा प्रश्न उभा राहिला.

मेंढपाळीचा देश असलेल्या ट्युनिशियात १९८० नंतरच्या दशकात त्याचा पद्धतशीर शोध घेण्यात आला. टोचणे, शोषून घेणे, औषध सोडणे आणि पुन्हा शोषून घेणे, या चार क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीस ‘पेअर’ असे नाव पडले. तिची खरी करामत सुईत नसून सावधगिरीच्या क्रमात आहे. सुई टोचण्यापूर्वी रोग्यास अल्बेन्डाझोल सुरू करतात, आणि ते पुढे महिनाभर चालू ठेवतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून सुई यकृताच्या जाड भागातूनच नेतात, जेणेकरून गळालेला थेंब पोटात न जाता मार्गातच अडावा. प्रतिक्रिया उसळलीच तर तिला आवरण्याची औषधे हाताशी असतात. द्रवात पित्ताचा अंश नाही याची खातरजमा झाल्यावाचून जंतुनाशक आत सोडायचे नाही, कारण पुटीचा पित्तनलिकेशी संबंध असल्यास ते औषध त्या नलिकांनाच जाळील. मग वीस टक्के मिठाचे पाणी किंवा तीव्र अल्कोहोल सुमारे पंधरा मिनिटे आत ठेवून ओढून घेतात.

आपल्याकडील महत्त्वाचा दाखला श्रीनगरचा. तेथील डॉ. मोहम्मद सुलतान खुरू व सहकाऱ्यांनी ५० रोग्यांचे दोन समान गट पाडून एकावर सुईचा व औषधाचा, दुसऱ्यावर शस्त्रक्रियेचा प्रयोग केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार रुग्णालयातील सरासरी मुक्काम पहिल्या गटात ४.२ दिवस, तर दुसऱ्यात १२.७ दिवस होता. लहानमोठे उपद्रव अनुक्रमे ८ व २१ रोग्यांत आढळले. संख्या थोडी असली, तरी चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची ही तुलना मला डझनभर स्तुतिपर वृत्तांतांहून मोलाची वाटते.

तथापि ही सनद सरसकट नाही. एकसंध द्रवाची, किंवा आतील पापुद्रा सुटलेली पुटी सुईला योग्य. पोटात अनेक कन्यापुट्या बाळगणारी मात्र तिला दाद देत नाही, आणि तेथे शस्त्रक्रियेचा अधिकार अबाधित राहतो. जी आपोआप घट्ट होऊन चुन्याने माखली आहे आणि काही त्रासही देत नाही, तिला ना सुई, ना सुरी: ठराविक काळाने सोनोग्राफी करून तिच्यावर नजर ठेवली, की झाले.